बंद आपोआप, सुरू अर्जाने

माणूस गेला की 21 दिवसांच्या आत त्याची नोंद करायची, असं जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 सांगतो. मृत्यू रुग्णालयात झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर घरच्यांची. गावात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या दप्तरी. 2023 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून ती लागू झाली. तिने देशभरातल्या नोंदींचा एक राष्ट्रीय माहितीसाठा उभा करायला सांगितलं आणि तो कोणाला वापरता येईल हेही लिहून ठेवलं: लोकसंख्या नोंदवही, मतदार याद्या, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी. मे 2025 मध्ये निवडणूक आयोगाने जाहीर केलं की मृत्यूच्या नोंदी थेट महानिबंधकांकडून घेतल्या जातील, म्हणजे नातेवाइकांच्या अर्जाची वाट न पाहता मतदार यादीतलं नाव तपासता येईल. त्याच वर्षीच्या जुलैत आधार प्राधिकरणाने मृत व्यक्तींचे 1 कोटी 17 लाख आधार क्रमांक बंद केल्याचं सांगितलं. यात गैर काही नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर मतदान होऊ नये, धान्य उचललं जाऊ नये, निवृत्तिवेतन निघू नये, हे बरोबरच आहे. पण यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: माणूस गेल्याचं सरकारला कळतं, आणि एका खात्याकडून दुसऱ्या खात्याला कळवताही येतं.

मग त्याच माणसाच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं असतं, मुलांना भविष्य निधीतला हिस्सा द्यायचा असतो, निराधार झालेल्या घराला अनुदान द्यायचं असतं, तेव्हा हीच बातमी का पुरत नाही? तिथे घरच्यांनी मृत्यूचा दाखला घेऊन एकेका कार्यालयात जायचं, प्रत्येक ठिकाणी नव्याने सांगायचं की वडील गेले, आणि वडील आपलेच होते हे पुन्हा सिद्ध करायचं. जे थांबवायचं ते सरकार स्वतःहून थांबवतं. जे द्यायचं ते मागितल्याशिवाय देत नाही, आणि मागितल्यावरही कागद पुरे झाल्याशिवाय देत नाही. या विषयावर बोलताना आपण सहसा कारकुनाच्या वागण्यावर, लाचेवर, जेवणाच्या सुट्टीवर बोलतो. ती तक्रार खोटी नाही. पण सगळे कारकून उद्या प्रामाणिक आणि प्रेमळ झाले तरी हा त्रास उरेल, कारण तो नियमांच्या रचनेतच आहे. मृत्यूनंतर कोणी काय करायचं याची सगळी जबाबदारी नियमांनी शोकात असलेल्या घरावर टाकली आहे. ती उचलून राज्यसंस्थेवर ठेवली पाहिजे, आणि तसं करणं शक्य आहे याचे पुरावे आपल्याच राज्यात, आपल्याच न्यायालयांत पडले आहेत.

राज्य सरकारचा एखादा कर्मचारी सेवेत असताना वारला, तर त्याच्या घराला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळतं. ही दया नव्हे. निवृत्तिवेतन म्हणजे सरकारच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नव्हे, तो सेवेतून कमावलेला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि पुढे डिसेंबर 1982 मध्ये डी. एस. नकारा खटल्यात स्पष्ट केलं. आता या हक्काचा प्रवास पाहा. कार्यालय प्रस्ताव तयार करतं, त्यासाठी सेवापुस्तक पूर्ण लागतं, वेतननिश्चिती पडताळणी पथकाकडून तपासून घ्यावी लागते, घेणे बाकी नसल्याचा दाखला लागतो, मग प्रस्ताव मुंबईच्या किंवा नागपूरच्या महालेखापालांकडे जातो, तिथून कोषागारात आणि शेवटी बँकेत. यातलं सेवापुस्तक कोणाच्या ताब्यात असतं? कार्यालयाच्या. त्यात वीस वर्षांपूर्वीची वेतनवाढ नोंदवायची राहिली असेल, एखाद्या बदलीच्या काळातली सेवा पडताळलेली नसेल, रजेचा हिशेब अर्धवट असेल, तर चूक कोणाची? तीही कार्यालयाचीच. पण प्रस्ताव ‘त्रुटी’ म्हणून परत येतो तेव्हा हेलपाटे त्या बाईला पडतात जिने ते पुस्तक कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. कुटुंबात कोण कोण आहे याचा तपशील कर्मचाऱ्याकडून नोकरीतच भरून घेतलेला असतो. तो भरून घेण्याचा हेतूच हा की उद्या काही झालं तर विचारावं लागू नये. तरी मृत्यूनंतर तोच तपशील पुन्हा, नव्या कागदांसह, मागितला जातो.

कारखान्यात, दुकानात, खासगी कंपनीत काम करणाऱ्या माणसाचं तर याहून वेगळं. त्याच्या मागे तीन स्वतंत्र हक्क उभे राहतात: भविष्य निधीची शिल्लक, 1995 च्या योजनेखालचं विधवा आणि मुलांचं निवृत्तिवेतन, आणि ठेव-संलग्न विमा. तिन्ही एकाच भविष्य निधी संघटनेकडे, एकाच खाते क्रमांकाशी जोडलेले. विम्याची कमाल रक्कम एप्रिल 2021 पासून 7 लाख रुपये आहे. या विम्याची वर्गणी मालक भरतो, कामगाराच्या पगारातून त्यासाठी काहीच कापलं जात नाही, म्हणून कामगाराला असा विमा आपल्या नावावर आहे याचा पत्ताही नसतो आणि त्याच्या मुलांना तर त्याहून नसतो. निवृत्तिवेतनाचे आकडे लहान आहेत. सप्टेंबर 2014 पासून विधवेला किमान 1,000 रुपये महिना, दोन मुलांना प्रत्येकी किमान 250, आई-वडील दोन्ही नसतील तर अनाथ मुलाला किमान 750. पण रक्कम जितकी लहान तितकी ती मागायला लागणारी धावपळ जड होते, कारण रोजंदारी बुडवून केलेली एकेक फेरी त्या रकमेतूनच वजा होत असते. संघटनेकडे कामगाराची वर्गणी दरमहा जमा होत होती. ती एका महिन्यात थांबली, आधार बंद झाला, मालकाने नोकरी संपल्याची तारीख आणि कारण भरलं. इतकं सगळं दिसत असताना तिन्ही हक्कांचं एक पत्र घरी जाऊ शकत नाही का?

नावांचा प्रश्न वरून किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त फायली तिथेच अडतात. मराठी घरातल्या बाईचं शाळेतलं नाव माहेरचं, सेवापुस्तकातलं नाव लग्नानंतरचं, रेशनकार्डावरचं हाकेचं, आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग भरणाऱ्याच्या कानाला जसं आलं तसं. मुलाच्या शाळेच्या दाखल्यात आईचं नाव एक, वडिलांच्या बँकेत दुसरं. नवरा जिवंत असेपर्यंत या फरकांनी काही बिघडत नाही. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सगळे फरक त्रुटी होतात, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र मागितलं जातं. शासकीय कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक शुल्क लागू नये हा आदेश 2004 सालचा. तरी मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांना तसं पुन्हा जाहीर करावं लागलं, कारण मधल्या काळात लोक 100 रुपयांचे आणि ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपयांचे मुद्रांक विकत घेतच होते. एकवीस वर्षं एक माफी कागदावर होती आणि खिडकीवर नव्हती.

यापुढचा कागद वारसाचा. तहसील कार्यालयाचा दाखला काही कामांना चालतो, काहींना चालत नाही. बँकेतल्या मोठ्या रकमेला, रोख्यांना, कधी कार्यालयाच्या निव्वळ सावधगिरीपोटी, न्यायालयाचं प्रमाणपत्र मागितलं जातं. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयं आजही मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या विनियमाखाली वारस प्रमाणपत्र देतात, तर येणे असलेल्या पैशांसाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालचं वेगळं प्रमाणपत्र असतं. ज्या घरात भांडण नाही, आई आणि दोन मुलं एवढंच कुटुंब आहे, त्यांनाही वकील, जाहीर नोटीस, तारखा यांतून जावं लागतं. शेजारच्या गोव्यात 2012 च्या कायद्यानुसार वारसनिश्चितीचा दस्त निबंधक कार्यालयात, विशेष नोटरीसमोर होतो आणि वाद असेल तेव्हाच न्यायालय लागतं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या या पद्धतीत तिथल्या मालमत्ता काही लुटल्या गेलेल्या नाहीत. महाराष्ट्राने निदान वाद नसलेल्या घरांसाठी तिचा विचार करायला हवा.

नामनिर्देशन केलं की हे सगळं टळतं, असं आपल्याला सांगितलं जातं. अर्धंच टळतं. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यात चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं आणि समभागांच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये, साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात, पुन्हा तेच ठरवलं. पण निदान पैसे घरात येतात, आणि वाटणी कुटुंब करतं. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने 2005 पासूनच सांगून ठेवलं होतं की नामनिर्देशन असेल तर वारस प्रमाणपत्र मागू नका आणि 15 दिवसांत दावा निकाली काढा. ते पाळलं गेलं नाही म्हणूनच सप्टेंबर 2025 मध्ये सक्तीचे निर्देश काढावे लागले. नामनिर्देशन नसतानाही व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंत न्यायालयाच्या कागदाशिवाय दावा मिटवायचा, सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत मिटवायचा, उशीर झाला तर ठेवीवर बँक दरापेक्षा चार टक्के जास्त व्याज द्यायचं, लॉकरच्या बाबतीत दिवसाला 5,000 रुपये द्यायचे. मार्च 2024 अखेर देशातल्या बँकांनी दावा न झालेल्या ठेवींपोटी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा केलेली रक्कम 78 हजार कोटींच्या पुढे होती. हे सगळे पैसे मृतांचे नाहीत. पण पैसे कोणाचे ते बँकेला माहीत असूनही मागणारा येईपर्यंत ते पडून राहतात, ही पद्धत किती खोल रुजली आहे ते या आकड्यावरून कळतं. उशिराची किंमत बँकेने मोजायची, हा रिझर्व्ह बँकेचा नवा नियम मला या सगळ्या प्रश्नात सर्वांत मोलाचा वाटतो, आणि सरकारी खात्यांना तो लागू नाही याचं दुःख वाटतं.

आता ज्यांच्याकडे ठेवी नाहीत त्यांच्याकडे वळू. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वर्षांचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात. ही योजना 1995 पासून आहे. रक्कम 2012 मध्ये 10 हजारांवरून 20 हजार झाली आणि तिथेच थांबली. पुढे महिन्याच्या आधारासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचं अनुदान 2023 मध्ये 1,500 रुपये झालं, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये ठेवली गेली. महिन्याला 1,750 रुपयांत जगणारं घर महाराष्ट्रात आज कुठे शोधायचं? या मर्यादेमुळे अर्ज करणाऱ्या प्रत्येक विधवेला खोट्याच्या काठावर उभं राहावं लागतं: खरं उत्पन्न सांगितलं तर अपात्र, कमी सांगितलं तर दाखला देणाऱ्याच्या मेहरबानीवर. आणि उत्पन्नाचा दाखला देणारं तहसील कार्यालय, अर्ज घेणारंही तहसील कार्यालय. एका टेबलावरून मिळालेला कागद दुसऱ्या टेबलावर नेऊन देण्यासाठी तिने सेतू केंद्राचे पैसे भरायचे, फोटो काढायचे, बस पकडायची.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मिळणाऱ्या मदतीत हा दोष सर्वांत क्रूर रूपात दिसतो. 2006 च्या शासन निर्णयाने मदत 1 लाख रुपये ठरवली: 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपात. पण ती मिळण्यासाठी मृत माणसाच्या नावावर बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज असावं लागतं, ते तो फेडू शकला नाही हे दिसावं लागतं, आणि वसुलीचा तगादा होता हे सिद्ध व्हावं लागतं. कर्ज बिनपरवाना सावकाराचं असेल, सातबारा म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर आणि राबणारा मुलगा गेला असेल, तर प्रकरण अपात्र ठरल्याची उदाहरणं विदर्भ-मराठवाड्यात प्रत्येकाला माहीत आहेत. पुरावा कोणी द्यायचा? ज्याला कर्जाचा हिशेब माहीत होता तो गेलेला असतो. घरातल्या मुलांना शाळेच्या वयात बापाच्या कर्जाचे कागद गोळा करत फिरावं लागतं.

अपघाती मृत्यूच्या बाबतीत मात्र राज्य सरकारने एक चांगली गोष्ट केली, ती नोंदवली पाहिजे. शेतकऱ्यांचा अपघात विमा पूर्वी विमा कंपन्यांमार्फत होता. कंपन्या प्रस्तावात त्रुटी काढत, उशीर लावत, नाकारत, आणि तक्रारींचा ढीग साचे. 2023 मध्ये सरकारने कंपनीला मधून काढलं आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणली. मृत्यूसाठी 2 लाख रुपये आता शासन थेट देतं. पैसे देण्याची जबाबदारी आपल्याकडे घेता येते हे सरकारने इथे दाखवून दिलं. पण इथेही सुरुवात अर्जानेच होते. अर्जाची मुदत, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वयाचा दाखला, सातबारा हे सगळं कुटुंबाने जमवायचं. यातले बहुतेक कागद शासनाच्याच एका ना एका खात्याने तयार केलेले असतात.

वडिलांच्या जागी नोकरी मिळणं, म्हणजे अनुकंपा नियुक्ती, हा या सगळ्यातला सर्वांत लांबलेला भाग. महाराष्ट्रात ही योजना 1976 पासून आहे. अशी नियुक्ती देण्यात विलंब होता कामा नये, प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सुषमा गोसाईं खटल्यात बजावलं. 1994 च्या उमेशकुमार नागपाल निकालात न्यायालयाने योजनेचा हेतू स्पष्ट केला: कर्ता माणूस अचानक गेल्यामुळे आलेल्या संकटातून घराला बाहेर पडता यावं. हा हेतू योग्यच आहे, पण त्याच तर्काची दुसरी बाजू भयंकर निघाली. घर इतकी वर्षं नोकरीशिवाय टिकलं, म्हणजे संकट टळलं, असं पुढच्या निकालांत म्हटलं गेलं. 2023 मध्ये पश्चिम बंगालमधल्या देबब्रत तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बरीच वर्षं लोटल्याच्या कारणाने नियुक्ती नाकारली. कायद्याच्या दृष्टीने तो तर्क मांडता येतो. पण उशीर कार्यालयाने केला असेल तर त्या उशिराचा फायदा कार्यालयालाच मिळतो, आणि घर उपाशीपोटी टिकलं हाच त्या घराविरुद्धचा पुरावा होतो. महाराष्ट्रात प्रतीक्षायादीवरचं नाव उमेदवाराचं वय 45 झालं की काढून टाकलं जातं. बाप गेला तेव्हा शाळेत असलेला मुलगा सज्ञान झाल्यावर यादीत येतो आणि यादीतच प्रौढ होतो. यादीतल्या आईचं वय उलटलं तर तिच्या जागी मुलाचं नाव घालावं, एवढी साधी गोष्ट. तीही 2015 च्या शासन निर्णयाने, यादीतल्या उमेदवाराचं निधन झालं तरच होईल अशी करून ठेवली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2024 मध्ये ही आडकाठी अयोग्य ठरवली आणि 2025 च्या जुलैत सरकारने नियम बदलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी पाच हजारांहून अधिक अनुकंपा उमेदवारांना राज्यभर नियुक्तिपत्रं दिली गेली. ज्या घरांत ती पोचली त्यांचा आनंद खरा आहे. पण एका दिवसात पाच हजार देता येतात, तर ती घरं इतकी वर्षं कशाची वाट पाहत होती, हा प्रश्न त्या आनंदाने पुसला जात नाही.

या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप फसवणुकीचा आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. मेलेल्यांच्या नावावर निवृत्तिवेतन उचललं जातं. खोटे दाखले होतात. एका माणसाच्या दोन पत्नी दोन बाजूंनी दावा करतात. भाऊ बहिणीचं नाव वगळून वारस लिहितो, आणि हे शेवटचं तर आपल्याकडे इतकं सर्रास घडतं की कागदांची चाळण नसती तर असंख्य मुलींचा हक्क आणखी सहज बुडाला असता. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने उद्या लेखापरीक्षणात उत्तर द्यायचं असतं. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर वसुली त्याच्या पगारातून होऊ शकते, योग्य माणसाला दोन वर्षं उशिरा गेले तर त्याला कोणी विचारत नाही. त्याची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष सगळ्यांना रोखून धरण्याचा नाही, वाद असलेल्यांना वेगळं काढण्याचा आहे. आणि हे कसं करायचं याचा धडा महाराष्ट्राने कोविडच्या काळात घेतलेला आहे.

कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना 50 हजार रुपये देण्याच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2021 रोजी मान्यता दिली. अर्ज 30 दिवसांत निकाली काढा, दाखल्यावर मृत्यूचं कारण कोविड लिहिलेलं नाही एवढ्यावरून नाकारू नका, अशा अटी घातल्या. जानेवारी 2022 पर्यंत महाराष्ट्रात सरकारी हिशेबाने कोविडचे मृत्यू 1 लाख 41 हजार होते आणि मदतीचे अर्ज 2 लाख 13 हजारांहून जास्त आले होते. संशय घ्यायला यापेक्षा मोठं कारण कोणतं? तरी न्यायालयाने काय सांगितलं ते पाहा. तांत्रिक कारणांवरून अर्ज फेटाळू नका, ज्यांनी अर्ज केलेला नाही त्यांच्यापर्यंत पोचा, आणि विशेषतः आई-वडील दोन्ही गेलेल्या मुलांकडे तुम्हीच जा, कारण त्या मुलांनी अर्ज करणं अवघड आहे. खोट्या अर्जांची तक्रार पुढे आली तेव्हा, मार्च 2022 मध्ये, न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतले पाच टक्के अर्ज नमुन्यादाखल तपासण्याची परवानगी दिली. आधी द्या, थोडं तपासा, खोटं बोलणाऱ्याला शिक्षा करा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हा क्रम साथ ओसरल्यावर बाजूला का ठेवला गेला, याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. अनाथ मुलाला अर्ज करता येत नाही ही गोष्ट काही कोविडपुरती खरी नव्हती.

केंद्र सरकारनेही याच काळात आपल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा मार्ग घेतला. दावा आणि मृत्यूचा दाखला हाती आला की तात्पुरतं कुटुंब निवृत्तिवेतन लगेच मंजूर करा, बाकीची तपासणी मागून होईल, असे आदेश 2021 मध्ये दिले गेले. निवृत्त माणूस गेला आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचं नाव असेल, खातं संयुक्त असेल, तर साधं पत्र आणि दाखला एवढ्यावर बँकेने पैसे सुरू करावेत, हा नियम त्याहीआधीचा आहे. खडकी, भुसावळ, अंबरनाथच्या आयुध कारखान्यांतून, रेल्वेतून, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या हजारो मराठी घरांना तो लागू आहे. याने तिजोरी बुडाली असं कोणी दाखवून दिलेलं नाही.

आता सगळं ऑनलाइन झालं आहे, हा दुसरा आक्षेप. ऑनलाइनने आवक-जावकच्या रजिस्टरातून फाईल हरवण्याचं प्रमाण कमी केलं, हे मान्य. पण खिडकीवरचा प्रश्नच पडद्यावर आला आहे. संकेत क्रमांक ज्या मोबाइलवर येतो ते सिम मृत वडिलांच्या नावावर असतं आणि रिचार्ज संपल्यावर बंद पडतं. अर्ज करणारा तोच, पुरावे जमवणारा तोच. राहिला मनुष्यबळाचा मुद्दा. रिकाम्या जागा आहेत, एका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, अनेक गावं आहेत, हेही खरं. मात्र एकच प्रस्ताव चार वेळा परत पाठवणं, चार वेळा आवक घेणं, चार वेळा टिपणी लिहिणं याला जे मनुष्यबळ लागतं ते वाचवण्याचीच ही मागणी आहे.

आणि सरकार स्वतःहून जाऊ शकतं याचा पुरावा म्हणून फार दूर जायला नको. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. ते न कळवल्यामुळे राज्यात लाखो सातबारे मेलेल्यांच्या नावावर राहिले, आणि पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई सगळं त्यात अडकलं. मार्च 2025 मध्ये बुलढाण्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि एप्रिलपासून राज्यभर. तलाठ्याने चावडीवर वाचन करून गावातल्या मृत खातेदारांची यादी स्वतः करायची, वारसांकडून कागद घ्यायचे, चौकशी करून ठराव करायचा, फेरफार घ्यायचा. पहिलं पाऊल कार्यालयाने टाकायचं, एवढाच बदल. गावात कोण वारलं आणि त्याच्या मागे कोण आहे हे ज्या यंत्रणेला जमिनीसाठी शोधता येतं, तिला त्याच घरात निराधार अनुदानाला पात्र बाई आहे आणि बालसंगोपन योजनेच्या 2,250 रुपयांना पात्र मुलं आहेत हे दिसत नाही असं होऊ शकत नाही. तिला ते कोणी विचारलेलं नाही.

खासगीपणाची चिंता मला इतर आक्षेपांहून अधिक खरी वाटते. घरात कोण गेलं, मागे किती पैसा आहे, ही माहिती खात्याखात्यांतून फिरू लागली तर ती दलालांच्या हाती जायला वेळ लागणार नाही. ब्रिटनमध्ये 2011 पासून एक सेवा आहे: मृत्यू नोंदवताना कुटुंबाने संमती दिली तर निबंधक एक क्रमांक देतो, आणि एकदा कळवलं की कर, निवृत्तिवेतन, पारपत्र, वाहन परवाना अशा अनेक खात्यांना बातमी जाते. संमती हा तिचा पाया आहे, तो आपणही घ्यावा. मात्र ती सेवाही मुख्यतः थांबवण्याचंच काम करते, विधवेचं अनुदान तिथेही मागावंच लागतं. आपण तेवढ्यावर थांबू नये. मृत्यू नोंदवताना एका खुणेने कुटुंबाला सांगता यावं: ही बातमी ज्यांनी आम्हाला काही द्यायचं आहे त्यांनाही कळवा.

आई-वडिलांच्या आधाराशिवाय ज्यांना जगताच येत नाही अशा मुलांचा विचार केला की हे सगळं किती तातडीचं आहे ते कळतं. केंद्राच्या नियमांत मतिमंद किंवा अपंग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. अविवाहित, विधवा, घटस्फोटित मुलीलाही, वयाच्या 25 नंतर. घटस्फोटाचा दावा आई-वडील हयात असताना दाखल झाला असेल तरी चालतं, ही सवलत 2017 मध्ये मिळाली. अपंग मुलाचं नाव आई-वडील हयात असतानाच आदेशात घालता येतं. हे घातलेलं नसेल आणि दोघंही गेले, तर त्या मुलाला स्वतःचं अपंगत्व, स्वतःचं अवलंबित्व आणि स्वतःचं नातं हे सगळं सिद्ध करायला जावं लागतं. ज्याला हे जमत नाही म्हणूनच तो पात्र आहे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेताना बँक निवृत्त माणसाला तो जिवंत आहे का विचारते. त्याच वेळी तिने आणखी एक विचारावं: तुमच्या मागे तुमच्यावर अवलंबून कोण आहे, त्याचं नाव नोंदलं आहे का?

शेवटचा मुद्दा मुदतीचा, आणि माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथे आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत दिली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. राज्याच्या निवृत्तिवेतन नियमांतही विलंबावर व्याज आहे. तरी हे हत्यार बोथट राहिलं, कारण मुदत सुरू होते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. एक त्रुटीपत्र गेलं की घड्याळ थांबतं. त्रुटी कार्यालयाच्याच दप्तरातली असली तरी. कुटुंबाची अर्ज करण्याची मुदत मात्र मृत्यूच्या दिवसापासूनच धावत असते. ही दोन्ही घड्याळं एकाच दिवशी सुरू झाली पाहिजेत, ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत मृत्यूची नोंद झाली त्या दिवशी, आणि जो कागद शासनाच्याच एखाद्या खात्याने दिलेला आहे तो कुटुंबाकडे मागितल्याने कार्यालयाचं घड्याळ थांबू नये. त्यासाठी नवा कायदा नको. अधिसूचनेत आणि नियमांत दोन वाक्यं बदलावी लागतील.